पेनड्राइव्हमधला किडा आणि न्हावा-शेवाचं बंद पडलेलं टर्मिनल

पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, आत चार फोल्डर दिसले, पण प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण. हे चित्र शाळा-कॉलेजात जाणारी मुलं असलेल्या बहुतेक घरांनी एकदा तरी पाहिलेलं आहे. सकाळी झेरॉक्सच्या दुकानातून फॉर्मची प्रिंट काढून आणली, संध्याकाळी घरी उघडलं तर हा प्रकार. मग दुसऱ्या दिवशी दुकानदार सांगतो, "भाभी, व्हायरस लागलाय, फॉरमॅट मारावा लागतोय." घरचे मान हलवतात, आणि मुलीचा दहावीचा दाखला, वडिलांचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, आजोबांच्या जुन्या सनदेचं स्कॅन, सगळं एका क्लिकमध्ये जातं.

वाईट याचं वाटतं की त्या क्षणापर्यंत त्यातलं काहीही गेलेलं नसतं. सगळ्या फाइली आत जशाच्या तशा असतात. किड्याने त्या फक्त नजरेआड केलेल्या असतात. त्या पुसल्या जातात त्या फॉरमॅटने, म्हणजे आपल्याच हाताने.

कागदपत्रांची किंमत आपल्या घरांना वेगळी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यात घराघरांतली कागदं भिजली. त्यानंतर पुष्कळांनी शहाणपणा केला, जे वाचलं ते स्कॅन करून ठेवलं. पण ठेवलं कुठे? बहुतेकांनी एकाच पेनड्राइव्हवर. आणि तोच पेनड्राइव्ह शिष्यवृत्तीच्या फॉर्मला, अ‍ॅडमिशनला, पासपोर्टला, सेतू केंद्रापासून नेट कॅफेपर्यंत फिरतो. म्हणून हा किडा नेमकं करतो काय, हे एकदा नीट समजून घेऊ.

आधी एक फरक. आपण सरसकट सगळ्याला व्हायरस म्हणतो. तांत्रिक भाषेत व्हायरस म्हणजे जो दुसऱ्या प्रोग्रामला किंवा डिस्कच्या सुरुवातीच्या भागाला चिकटून जगतो. पीसीवर पसरलेला पहिला प्रसिद्ध व्हायरस 'ब्रेन' १९८६ साली लाहोरमधल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला होता. तो फ्लॉपीतून फिरायचा आणि आत चक्क या भावांचं नाव, पत्ता, फोन नंबर होता! आपल्या सॉफ्टवेअरची नक्कल करणाऱ्यांना पकडायला तो लिहिल्याचं त्यांचं म्हणणं. वर्मची, म्हणजे किड्याची, गोष्ट निराळी. त्याला चिकटायला कुणी लागत नाही. तो स्वतः एक पूर्ण प्रोग्राम असतो, स्वतःची प्रत काढतो आणि ती प्रत पुढच्या मशीनवर पोचवायचं कामही स्वतःच करतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या अशाच एका किड्याने त्या काळच्या छोट्याशा इंटरनेटवरची हजारो मशीन आडवी केली होती.

आता आपल्या पेनड्राइव्हकडे येऊ.

विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला काही खुणा लावता येतात. एक खूण 'लपलेली', म्हणजे हिडन. दुसरी 'सिस्टीमची'. या दोन्ही खुणा एकत्र लागल्या की विंडोज समजतं, ही माझ्या स्वतःच्या कामाची नाजूक फाइल आहे, वापरणाऱ्याला दाखवायला नको. किडा पेनड्राइव्हमधल्या तुमच्या खऱ्या फोल्डरना या दोन्ही खुणा लावतो. फोल्डर आहेत तिथेच राहतात, पण दिसत नाहीत. 'लपलेल्या फाइली दाखवा' हे बटण दाबलं तरी दिसत नाहीत, कारण सिस्टीमच्या फाइलींसाठी आणखी एक वेगळी टिक काढावी लागते आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

मग तो प्रत्येक फोल्डरच्या नावाने एक शॉर्टकट तयार करतो. चित्र फोल्डरचंच, नावही तेच. एरवी फाइलच्या नावापुढची शेपटी पाहून आपण ती कोणत्या जातीची आहे हे ओळखू शकतो, पण शॉर्टकटची शेपटी विंडोज दाखवतच नाही, शेपट्या दाखवायची सेटिंग चालू केली तरीही. ओळखीची एकच खूण उरते, तो कोपऱ्यातला बाण.

त्या शॉर्टकटवर दोनदा क्लिक केलं की दोन कामं होतात. आधी, पेनड्राइव्हमध्येच कुठेतरी दडलेली किड्याची फाइल चालू होते. मग लगेच तुमचा खरा फोल्डर उघडून दिला जातो. समोर फोटो दिसले, दाखले दिसले, मन शांत! किड्याची सगळी हुशारी या दुसऱ्या कामात आहे. फोल्डर उघडला नसता तर तुम्हाला शंका आली असती.

इथून पुढचा खेळ पेनड्राइव्हमध्ये नाही, कॉम्प्युटरमध्ये. आणि नेमकी हीच गोष्ट दुकानात फॉरमॅट मारताना विसरली जाते.

कॉम्प्युटरच्या आत काय बदलतं

पहिलं काम, स्वतःची एक प्रत कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर, सहसा 'अ‍ॅपडेटा' किंवा 'टेम्प' अशा अडगळीच्या फोल्डरमध्ये टाकणं. तिथे एरवी कुणी जात नाही.

दुसरं, रोज सकाळी आपोआप जागं व्हायची सोय. विंडोजमध्ये 'रजिस्ट्री' नावाची एक मोठी वही असते. तिच्यात सगळ्या सेटिंग लिहिलेल्या असतात. त्या वहीत 'रन' नावाचं एक पान आहे. पीसी सुरू करून आपण लॉगिन झालो की विंडोज ते पान वाचतं आणि त्यावर ज्यांची नावं आहेत ते सगळे प्रोग्राम चालू करतं. शाळेचा शिपाई पहिल्या घंटेला हातातल्या यादीप्रमाणे वर्ग उघडतो, यादी कुणी लिहिली हे विचारत नाही, तसंच हे. किडा त्या पानावर आपलं एक नाव वाढवतो. नावही असं की वाचून विंडोजचाच एखादा भाग वाटावा.

आमच्या मते सगळ्यांनी मनात ठेवावी अशी गोष्ट हीच आहे. किडा विंडोज फोडत नाही, विंडोजच्या सोयी वापरतो. फाइल लपवायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली, शॉर्टकटची सोय त्यांनीच दिली, आपोआप चालू व्हायची यादीही त्यांचीच. या जातीचे कित्येक किडे म्हणजे फक्त साध्या मजकुरात लिहिलेली स्क्रिप्ट असते आणि ती चालवणारा 'डब्ल्यूस्क्रिप्ट' हा प्रोग्राम विंडोजबरोबरच आलेला असतो. त्यामुळे चालू कामांच्या यादीत पाहिलं तरी परका कुणी दिसत नाही, घरचाच माणूस दिसतो.

तिसरं काम दारावर बसायचं. मेमरीत चालू झालेला किडा दर काही सेकंदांनी पाहत राहतो, नवा पेनड्राइव्ह लागला का? लागला की त्यातले फोल्डर लपव, शॉर्टकट बनव, आपली प्रत टाक. म्हणून दुकानातल्या एका पीसीला किडा असेल तर दिवसभरात तिथे जितके पेनड्राइव्ह लागतील तितके सगळे तो घेऊन घरी जातात. आणि म्हणूनच पेनड्राइव्ह फॉरमॅट करून त्याच पीसीला परत लावला की दोन मिनिटांत बाण परत येतात. मग लोक म्हणतात, "लई चिवट व्हायरस हाय ओ." तो चिवट नसतो, पीसीत बसलेला असतो.

चौथं काम म्हणजे तुमचे हात बांधणं. याचा जुना नमुना २००५ च्या सुमाराचा इंडोनेशियातून आलेला 'ब्रोंटोक'. नेट कॅफेच्या जमान्यातल्या लोकांना 'न्यू फोल्डर' नावाचा किडा आठवत असेल, तो याच चालीचा. असे किडे रजिस्ट्रीत दोन-चार ठिकाणी शून्याचा एक, एकाचा शून्य करतात. तेवढ्याने 'फोल्डर ऑप्शन्स' मेनूतून गायब, टास्क मॅनेजर उघडायला गेलं तर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलं आहे' असा निरोप, आणि रजिस्ट्रीची वही उघडणारा प्रोग्रामसुद्धा बंद. घरचा मालक तुम्ही, पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर भलताच! या सेटिंग खरं तर कंपन्यांच्या आणि शाळांच्या लॅबमध्ये मुलांनी उचापती करू नयेत म्हणून दिलेल्या आहेत. किड्याने त्या मालकावरच उलटवल्या.

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेला 'कॉनफिकर' याच्याही पुढे गेला. त्याने विंडोज अपडेट बंद केलं, पीसी मागच्या तारखेला न्यायची सोय पुसली, आणि अँटिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट उघडूच नयेत अशी व्यवस्था केली. म्हणजे रोग्याने दवाखान्याचा रस्ताच शोधू नये. त्याच्या कर्त्याला पकडून देणाऱ्यास मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००९ मध्ये अडीच लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. कॉनफिकर नेटवर्कवरूनही पसरायचा आणि पेनड्राइव्हवरूनही. त्या काळी पेनड्राइव्ह लावला की विंडोज त्यातली 'ऑटोरन' नावाची चिठ्ठी वाचून त्याप्रमाणे वागायचं. मायक्रोसॉफ्टने ही सोय विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी काढली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या एक्सपी-व्हिस्टालाही तसं अपडेट दिलं. ऑटोरन गेल्यावर किडे लिहिणाऱ्यांनी शॉर्टकटचा रस्ता जास्त धरला. शॉर्टकटच्या चित्रातल्याच एका चुकीचा फायदा घेऊन, नुसता फोल्डर पाहिला तरी चालू होणारा 'स्टक्सनेट' २०१० मध्ये सापडला. त्याचं लक्ष्य इराणचा अणुप्रकल्प होता. पण किड्याला सीमा कुठली! सिमँटेक या सुरक्षा कंपनीच्या मोजणीत इराण आणि इंडोनेशियानंतर सर्वाधिक लागण आपल्या भारतातच दिसली होती.

क्लिक न करताही

पेनड्राइव्हच्या किड्याला निदान आपलं एक क्लिक लागतं. नेटवर्कवरून फिरणाऱ्याला तेही लागत नाही. याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण उरणजवळच्या न्हावा-शेवा इथलं, म्हणजे जेएनपीटी बंदराचं.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचं कास्टिंग असो की इचलकरंजीचं कापड, आपल्या भागातून परदेशी जाणाऱ्या मालाला हे बंदर चांगलंच परिचयाचं. तिथलं एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवते. २७ जून २०१७ रोजी या टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले. कोणता कंटेनर कुठे रचलाय, कोणत्या जहाजावर चढायचाय, कोणता ट्रक कोणता डबा उचलणार, हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं. ते गेल्यावर क्रेन शाबूत, माणसं हजर, पण काम ठप्प. हाताने नोंदी करून जमेल तेवढं काम सुरू ठेवायची वेळ आली, आणि माल तुंबू नये म्हणून जहाजबांधणी मंत्रालयाला आणि बंदर प्रशासनाला धावपळ करावी लागली.

या टर्मिनलवर कुणी मुद्दाम हल्ला केला नव्हता. हल्ला होता युक्रेनवर. तिथल्या कंपन्या कर भरायला 'एम-ई-डॉक' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, आपल्याकडे दुकानदार टॅली वापरतात तसं. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून नेहमीच्या अपडेटमध्येच किडा मिसळला. मर्स्कचं युक्रेनमध्ये कामकाज होतं, तिथे हे सॉफ्टवेअर होतं, आणि मर्स्कचं जाळं जगभर जोडलेलं. बस्स! युक्रेनमध्ये शिरलेला किडा रायगड जिल्ह्यात पोचला. त्याला पुढे 'नॉटपेट्या' नाव पडलं.

तो एका पीसीवरून दुसऱ्यावर दोन रस्त्यांनी जात होता. एक रस्ता म्हणजे विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधली एक चूक. ही चूक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला माहीत होती, तिने तिच्यासाठी 'इटर्नलब्लू' नावाचं हत्यार बनवून ठेवलं होतं, आणि ते हत्यार चोरीला जाऊन १४ एप्रिल २०१७ रोजी इंटरनेटवर उघडं पडलं. मायक्रोसॉफ्टने चूक दुरुस्त करणारं अपडेट १४ मार्चलाच दिलेलं होतं, म्हणजे न्हावा-शेवाच्या घटनेच्या साडेतीन महिने आधी. मध्ये १२ मे रोजी याच चुकीतून 'वॉनाक्राय' दीडशेहून जास्त देशांत पसरला होता. तो फाइलींना कुलूप लावायचा, डेस्कटॉपचं चित्र बदलायचा आणि तीनशे डॉलर मागायचा. त्याची धमकीची चिठ्ठी अठ्ठावीस भाषांत होती, आपल्या देशातली एकही भाषा त्यात नव्हती, पण लागण आपल्याकडेही झाली. एवढा गाजावाजा होऊनही दीड महिन्याने तेच दार पुष्कळ ठिकाणी उघडंच होतं.

दुसरा रस्ता जास्त घातक. आपण पीसीवर लॉगिन केलं की आपली ओळख विंडोजच्या मेमरीत राहते, दर वेळी पासवर्ड विचारावा लागू नये म्हणून. नॉटपेट्या ती ओळख मेमरीतून उचलायचा आणि त्या नावाने शेजारच्या पीसीत रीतसर शिरायचा. त्यासाठी तो मायक्रोसॉफ्टचीच, ऑफिसमधले कॉम्प्युटरवाले दुरून दुरुस्तीला वापरतात ती साधनं वापरायचा. त्यामुळे अपडेट केलेले पीसीसुद्धा पडले. दहा पीसीत एकाने अपडेट केलं नसेल आणि त्यावर मुख्य अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं लॉगिन असेल, तर उरलेले नऊही गेले. शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळ्या मशीनला एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवायची पद्धत आहे, तिच्याकडे यानंतर तरी नीट पाहायला हवं.

आत शिरल्यावर त्याने विंडोजचं काय केलं, ते तर शिक्षकाला लगेच कळेल असं आहे. हार्डडिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटासा तुकडा असतो, बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तो वाचला जातो आणि तो विंडोजला जागं करतो. नॉटपेट्याने तिथे स्वतःला बसवलं, आणि साधारण तासाभरात पीसी रीस्टार्ट होईल अशी वेळ लावली. रीस्टार्ट झाल्यावर पडद्यावर डिस्क दुरुस्त होत असल्याचा नेहमीचा निरोप यायचा. पुढे टक्केवारी वाढत जायची, आणि खाली सूचना, की पीसी बंद करू नका. तो निरोप खोटा होता. त्या वेळात किडा डिस्कच्या मुख्य नोंदवहीला कुलूप घालत होता. शाळेचं जनरल रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. मुलं वर्गात बसलेली आहेत, पण कोण कुणाचा, कोणत्या वर्गातला, कधी दाखल झाला हे सांगणारं रजिस्टरच पेटीत बंद. विंडोजमध्ये कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे हे सांगणारी तशीच वही असते. ती गेली की सगळं असून नसल्यासारखं. ज्यांनी तो खोटा निरोप पाहून तिथल्या तिथे प्लग उपटला, त्यांच्या फाइली वाचायची संधी होती. सूचना पाळणाऱ्यांचं नुकसान झालं.

शेवटी काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत तीनशे डॉलरची मागणी यायची. तीही थाप होती. पडद्यावर दिसणारा 'की' नंबर निव्वळ कसाही तयार केलेला होता, त्यावरून कुलूप उघडणं हल्लेखोरांनाही शक्य नव्हतं. म्हणजे ही खंडणी नव्हती, खंडणीच्या वेशातला विध्वंस होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. रशियाने आरोप नाकारला.

मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं की त्यांना चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर. आणि या राक्षसी कंपनीची सगळी ओळखयादी वाचली ती कशामुळे? जगभरच्या तिच्या मुख्य सर्व्हरपैकी घानामधला एक, हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे बंद होता. लोडशेडिंगचे असेही उपकार.

जुनं विंडोज आणि आपली इनपेज

आता थोडं आपल्या अंगणात. उर्दू शाळा, मदरसे, छोटी प्रेस, लग्नाचे रुक्के छापणारे, यांच्याकडे एक जुना पीसी हमखास असतो. त्यावर विंडोज एक्सपी किंवा ७, आणि कुणीतरी कधीतरी टाकून दिलेली इनपेज. नव्या पीसीवर ती जुनी इनपेज चालत नाही, म्हणून जुना पीसी सोडवत नाही. नस्तालीकची सवय झालेल्या हाताला दुसरं काही रुचत नाही, हे आम्हीही जाणतो. पण एक्सपीची अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबली, ७ ची जानेवारी २०२० मध्ये, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सापडणारी प्रत्येक चूक या मशीनवर कायमची उघडी. फुकट मिळालेल्या इनपेजबरोबर तिचं कुलूप तोडणारी जी छोटी फाइल येते, ती चालवण्यासाठी "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं सांगितलं जातं. यापेक्षा सोपं निमंत्रण किड्याला काय हवं?

आणि हे नुसतं भीती घालणं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की या कंपनीने जाहीर केलं की इनपेजच्याच एका चुकीचा वापर करून तयार केलेल्या फाइली आशिया-आफ्रिकेतल्या काही बँकांना आणि सरकारी संस्थांना मेलने पाठवल्या जात होत्या. तो किडा नव्हता, निवडून केलेला हल्ला होता. पण उर्दूची साधी फाइलसुद्धा वाहन होऊ शकते, हे त्यातून दिसलं.

ज्यांना तो जुना पीसी लागतोच, त्यांनी त्याचं इंटरनेट आणि लॅबचं नेटवर्क काढून टाकावं, तो फक्त टाइप करायला ठेवावा. टाइप केलेलं पान पीडीएफ करून बाहेर न्यावं, आणि त्यासाठी एक पेनड्राइव्ह वेगळा ठेवून तो दुसऱ्या कामाला वापरू नये.

बाण दिसले तर

पहिली गोष्ट, फॉरमॅट नको आणि त्या बाणावर क्लिकही नको. पेनड्राइव्ह काढा. ओटीजी केबल दहा-वीस चहाच्या पैशात मिळते, तिने पेनड्राइव्ह अँड्रॉइड मोबाइलला जोडा. विंडोजच्या त्या लपवायच्या खुणा अँड्रॉइड मानत नाही, त्यामुळे खरे फोल्डर बहुतेक वेळा सरळ दिसतात. विंडोजचा किडाही मोबाइलवर चालत नाही. त्यातले फक्त दाखले, फोटो, पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवून घ्या, अनोळखी नावाच्या फाइली आणि शॉर्टकट तिथेच सोडा. मग खुशाल फॉरमॅट मारा.

मोबाइल जमत नसेल तर चांगल्या, स्वच्छ पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'अ‍ॅट्रिब' ही कमांड वापरून लपवायच्या खुणा काढता येतात. नववी-दहावीत कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलाला विचारा, त्याला येत नसेल तर त्याच्या सरांना येईल.

मग पीसी. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आतच असतो, वेगळे पैसे नाहीत. त्यात 'ऑफलाइन स्कॅन' असा पर्याय आहे. तो पीसी रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आधी तपासणी करतो, साधारण पंधरा मिनिटांत. फायदा हा की किडा जागा होऊन लपायच्या आत सापडतो. त्यानंतर टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' या पानावर कोणकोणती नावं आहेत ते पाहावं. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही सफाईची साधनं मोफत आहेत. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं, म्हणजे न्हावा-शेवाच्या चार महिने आधी. आणि अँटिव्हायरस विकतच घ्यायचा तर क्विक हील ही पुण्यात उभी राहिलेली, कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर या मराठी माणसाने भाऊ संजय यांच्यासोबत वाढवलेली कंपनी आहे. पण कुठलाही घ्या, तो अपडेट होत नसेल तर तो भिंतीवरचा मागच्या वर्षीचा कॅलेंडर.

घरच्या पीसीवर रोजच्या वापराला साधं खातं ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाही. मुलांना हे आधी जाचक वाटतं, कारण गेम टाकताना पासवर्ड विचारला जातो. विचारला जाऊ दे.

दुकानात जाताना मूळ दाखल्यांचा पेनड्राइव्ह नेऊच नका. लागणारी तेवढी एक पीडीएफ स्वतःच्या मेलमध्ये ठेवा, किंवा दुसऱ्या रिकाम्या पेनड्राइव्हवर घेऊन जा. सगळ्या कागदांची एक प्रत घरच्या पीसीत, एक अशा पेनड्राइव्हवर जो कपाटाबाहेर निघतच नाही, आणि एक मेल किंवा ड्राइव्हवर. त्या मेलचा पासवर्ड घरातल्या दोघांना तरी माहीत असावा. आणि कपाटातला पेनड्राइव्ह वर्षातून दोनदा, सहामाही आणि वार्षिक परीक्षेनंतर म्हणा हवं तर, लावून उघडून पाहायचा, कारण नुसता पडून राहिलेला पेनड्राइव्ह कोणत्याही किड्याशिवायही बंद पडतो.